स्नानसंस्काराची तयारी: पॅरिशचा वर्ग, सॅटिनचा सेट आणि बाकीचा खर्च

वसईत बाळाचा बाप्तिस्मा (म्हणजेच स्नानसंस्कार) ठरला की घरात आधी हॉलची तारीख बघतात, मग केटररला फोन जातो, मग फोटोग्राफरला, आणि फादरांची पाळी सगळ्यात शेवटी येते. आम्हीही काही वेगळे नाही. पण धाकट्याच्या बाप्तिस्म्याचं सगळं उरकल्यावर नवऱ्याने खर्चाची वही काढली, तेव्हा लक्षात आलं की ज्याला पैसे मोजले त्यातलं निम्मं कामाला आलंच नाही. आणि ज्याला एक रुपया लागला नाही, म्हणजे पॅरिशचा (आपल्या भागातल्या चर्चचा) पालकांसाठीचा तयारी वर्ग, तो सगळ्यात जास्त कामाला आला. ईस्टरनंतर बाप्तिस्म्यांची रांग लागते, त्या रांगेतल्या आईबापांसाठी हा रिव्ह्यू.

पॅरिशचं नाव लिहीत नाही. वर्ग घेणारी माणसं गावातलीच, मिस्सेला रोज भेटतात, आणि मी खाली त्यांचा अर्धा मार्क कापला आहे. पॅरिश वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, जुनी, आणि वर्ग सगळा मराठीत, एवढं पुरे. मराठीत ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. माझं माहेर श्रीरामपूरकडचं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत आईचं बोट धरून फिरलेली मी, प्रार्थना सगळ्या मराठीत पाठ. लग्नानंतर काही वर्षं आम्ही मुंबईच्या एका उपनगरात होतो आणि मोठीचा बाप्तिस्मा तिथे झाला. तिथेही वर्ग होता, पण इंग्रजीत, भिंतीवर स्लाइड, दाराशी हजेरीचा कागद. बोलणारे गृहस्थ विद्वान होते, माझं काही म्हणणं नाही. नवरा मागच्या बाकावर बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होता आणि त्याला कोणी हटकलंही नाही. बाहेर पडल्यावर आमच्या हातात एक सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात काहीही नव्हतं.

त्यामुळे या खेपेला पॅरिश ऑफिसात मी आधीच सांगून टाकलं, की आमचा हा दुसरा आहे, वर्ग झालेला आहे. क्लार्कबाईंनी मान वर न करता विचारलं, "धर्मपिता-धर्ममाता तेच आहेत का?" (म्हणजे गॉडफादर-गॉडमदर.) नाहीत. "मग सगळ्यांनी या." विषय संपला.

कागदांचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त धावपळ तिथेच होते. बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, आईबापांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतरच्या, श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचे) दाखले, आणि ते दुसऱ्या पॅरिशमधले असतील तर तिथल्या फादरांचं पत्र. माझा दादा धर्मपिता, तो श्रीरामपूरला. त्याने पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला आणि काम झालं म्हणून निवांत बसला. ऑफिसने मूळ प्रत मागितली. मग ती एसटीने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आली. नणंद धर्ममाता, ती इथलीच, तिचं काम रजिस्टर उघडून जागेवर झालं. ऑफिस फक्त सकाळी उघडं असतं आणि आठवड्यात एक दिवस बंद. माझ्यासारखीला, जी सकाळी विरार लोकलमध्ये लटकलेली असते, ही वेळ अजिबात सोयीची नाही. कागदपत्रांना माझे पाचपैकी अडीच. क्लार्कबाई मात्र चोख. फॉर्मवर बाळाचं नाव त्यांनी मला देवनागरीत आणि इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहायला लावलं, मग अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. कंटाळू नका त्याला. एकदा रजिस्टरमध्ये गेलेलं स्पेलिंग पुढे पहिल्या कम्युनियनला, दृढीकरणाला आणि लग्नाला तसंच्या तसं समोर येतं.

तारखेबद्दलही तिथेच कळलं. आमच्या पॅरिशमध्ये उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत) बाप्तिस्मे ठेवत नाहीत, त्यामुळे त्याच्या आगेमागे गर्दी होते. चर्चचा कायदा सांगतो की जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा बाप्तिस्मा करून घ्या. आपल्याकडे हॉल मिळेपर्यंत बाळाला दात येतात.

आता वर्ग. शनिवारची संध्याकाळ, पॅरिशच्या शाळेचा पहिला मजला. बाकं पाचवीच्या मुलांच्या मापाची, त्यात नवऱ्याचे गुडघे मावेनात. डास वसईचे, म्हणजे वेगळं सांगायला नको. वर्ग दिलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा सुरू झाला, कारण एक जोडपं ट्रेनमध्ये अडकलं होतं आणि सर म्हणाले, थांबू या. ज्या बायका अंगावर पिणारी बाळं घेऊन आल्या होत्या त्यांना बसायला आडोसा नव्हता. मी आणि आणखी एक जण शेवटी प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या कपाटाशेजारी बसून पाजून आलो. अर्धा मार्क कापला तो इथे. वाटलेला कागद झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे खालच्या चार ओळी काळ्याच होत्या, पण तो मार्क मी सोडून दिला, कारण कागदाची गरजच पडली नाही.

वर्ग घेतात दोघं: एक निवृत्त नर्सबाई आणि धर्मशिक्षण शिकवणारे एक सर. नर्सबाईंनी पिशवीतून एक प्लास्टिकची बाहुली काढली, स्टीलचं पातेलं टेबलावर ठेवलं, तांब्या भरला आणि थेट कामाला लागल्या. बाळ कोणी धरायचं, डाव्या हाताच्या कोपरात मान कशी ठेवायची, पाणी डोळ्यांत न जाता मागे कसं ओघळेल म्हणून डोकं किती कलतं करायचं, हे सगळं त्यांनी दोनदा करून दाखवलं. मग बाहुली बाकांवरून फिरली. प्रत्येक धर्ममातेने तिला धरून पातेल्यावर वाकवायचं. नणंदेने धरलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, ते पार्सल नाही. छातीशी घ्या." सगळे हसले, आणि तिथून वर्ग मोकळा झाला. एरवी अशा वर्गात पुरुष तोंड उघडत नाहीत. इथे एका बापाने विचारलं की पाणी गार असतं का. नर्सबाई म्हणाल्या की थंडीत सॅक्रिस्टीमधून (फादरांच्या तयारीच्या खोलीतून) कोमट पाणी आणून ठेवतो, उन्हाळ्यात नळाचंच. तुमचं बाळ रडणार ते पाण्याला नाही, अनोळखी चेहऱ्यांना.

त्यांच्या सूचना सगळ्या अशाच. तासभर आधी दूध पाजा, निघताना नको. टाळूवर खोबरेल तेल थापून आणू नका, पावडरही नको, पाणी आणि क्रिस्मा (टाळूला लावायचं पवित्र तेल) त्यावर बसत नाही. टोपीच्या नाड्यांना गाठ मारू नका. कपड्याचा गळा पुढून उघडला पाहिजे, कारण पहिलं तेल छातीला लावतात. या शेवटच्या सूचनेचं महत्त्व मला नंतर दुकानात कळलं, त्यावर पुढे येते.

सरांचा भाग विधीचा. दाराशी स्वागत होतं, तिथे फादर नाव विचारतात आणि देवाच्या मंडळीकडे काय मागता असं विचारतात. मग कपाळावर क्रुसाची खूण, वाचन, संतांची प्रार्थनामाला, छातीला तेल, सैतानाला नाकारण्याचे प्रश्न, श्रद्धेचे प्रश्न, तीनदा पाणी, टाळूला क्रिस्मा, पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती. हे पुस्तकातही मिळतं. सरांनी वेगळं काय केलं, तर प्रश्न खरोखर विचारले. प्रत्येक जोडप्याला उभं केलं आणि म्हणाले, उत्तर द्या. आणि कोणालाही नीट देता येईना. कुजबुज, खाली बघणं, बायको नवऱ्याकडे, नवरा धर्मपित्याकडे. सर म्हणाले, रविवारी चर्चमध्ये असंच होतं, म्हणून आज करायचं. पूर्वी बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत धर्ममाता त्याला चर्चमध्ये घेऊन जायची आणि बाळंतीण घरी पडलेली असायची. आईच्या हातात काही नसायचं. माझ्या सासूबाई आजही सांगतात की त्यांच्या थोरल्याचा बाप्तिस्मा त्यांनी पाहिलाच नाही, नुसता बँडचा आवाज ऐकला. १९६९ मध्ये लेकरांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी आला, त्यात आईबापांना पुढे आणलं. आता उत्तरं त्यांनी द्यायची आहेत, धर्मपित्याने फक्त साथ द्यायची आहे. नवरा दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज मला तीन बाकांवर ऐकू आला. स्कोअर बघायला फुरसत नव्हती.

प्रश्नोत्तरं हा या वर्गाचा सगळ्यात चांगला भाग, आणि मुंबईच्या वर्गात हाच नव्हता. आमच्या बाकासमोर एक जोडपं होतं, बायको इथली, नवरा हिंदू. तो सरळ उठला आणि म्हणाला, मला श्रद्धेचे प्रश्न विचारणार तेव्हा मी काय म्हणू? मला खोटं बोलायचं नाही. वर्ग एकदम शांत. सर म्हणाले, बोलू नका. विधीतच तशी मोकळीक दिलेली आहे: आईबापांपैकी जो कॅथलिक नाही त्याने त्या वेळी गप्प राहिलं तरी चालतं. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा की मुलाला या श्रद्धेत वाढवायला त्याची हरकत नसावी. मग त्यांनी विचारलं, "आहे का हरकत?" तो म्हणाला, "असती तर या बाकावर बसलो असतो का?" मला तो माणूस फार आवडला.

दुसऱ्या एकाला त्याच्या कॉलेजच्या मित्राला धर्मपिता करायचं होतं. मित्र नगरचा, सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). तर नियम असा की धर्मपिता किंवा धर्ममाता एक तरी कॅथलिक असलाच पाहिजे. मित्राला त्याच्या बरोबरीने साक्षीदार म्हणून उभं राहता येईल, रजिस्टरमध्ये तशीच नोंद होईल. धर्मपित्याचं वय किमान सोळा, दृढीकरण झालेलं, आणि तो बाळाचा सख्खा बाप नको, हेही तिथेच सांगितलं. एकच धर्मपिता किंवा एकच धर्ममाता असली तरी पुरतं, दोघं असतील तर एक पुरुष आणि एक बाई. तीन मामांना खूश करायला तीन धर्मपिते करता येत नाहीत. (हे ऐकून मागच्या बाकावर कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला.) एका काकांचं लग्न फक्त कोर्टात झालेलं, त्यांचा प्रश्न आला तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर उत्तर देणं टाळलं आणि वर्गानंतर फादरांना एकट्याने भेटा म्हणाले. हे मला शहाणपणाचं वाटलं. असले प्रश्न चारचौघांत सोडवायचे नसतात.

मग सरांनी डेट्रॉइटची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या त्या शहरातल्या एका तरुण फादरांनी २०२० मध्ये घरातला स्वतःच्या बाप्तिस्म्याचा जुना व्हिडिओ पाहिला, तर त्यात विधी करणारे डीकन (फादरांच्या खालच्या पायरीवरचे धर्मसेवक) "मी तुला बाप्तिस्मा देतो" असं म्हणायच्या ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हणत होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रोमने जाहीर केलं होतं की "आम्ही" म्हटलं तर बाप्तिस्मा झालाच नाही असं धरायचं. म्हणजे या फादरांचा बाप्तिस्मा नाही, म्हणून दृढीकरण नाही, म्हणून गुरुदीक्षाही नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. सर म्हणाले, तुम्ही फोटोग्राफरला पाण्याच्या वेळी आवाजही नीट घ्यायला सांगा. नर्सबाईंनी त्याला जोड दिली की अडचणीच्या वेळी, बाळ अत्यवस्थ असेल तर, कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतो, मग ती वॉर्डातली नर्स का असेना. पाणी खरं हवं, शब्द नेमके हवेत आणि मनात चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. आपण नोकरीत असताना हे केलं आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

फादर शेवटच्या अर्ध्या तासाला आले. नावांवर बोलले. नाव संताचंच असलं पाहिजे असा आता नियम नाही, ख्रिस्ती भावनेला परकं नसावं एवढंच. आमच्या घरात यावरून शीतयुद्ध चालू होतं, कारण सासूबाईंना गोन्सालो हवं होतं. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत झाले, गासचं चर्च त्यांच्याच नावाचं. सासूबाईंच्या मते वसईत मुलगा जन्मला आणि गोन्सालो नाही म्हणजे काय. मी आधीच एक मराठी नाव ठरवून बसलेली. फादरांसमोर हा विषय नवऱ्याने काढला (मी नाही). फादर हसून म्हणाले, ठेवा की, पण शाळेत त्याला गोन्या म्हणतील त्याची तयारी ठेवा. शेवटी जन्मदाखल्यावर आणि रजिस्टरमध्ये मराठी नाव, दोन्हीकडे एकच, आणि घरात हाक मारायला गोन्सालो. सासूबाई रजिस्टर बघत नाहीत. त्या हाक मारतात, आणि तो त्यालाच ओ देतो. फी नाही, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाकिटात जे द्यायचं ते आपल्या मनाने. वर्गाला पाचपैकी साडेचार.

आता पैसे गेले त्या बाजूला येऊ. स्टेशनच्या पश्चिमेला बाप्तिस्म्याचे सेट ठेवणारं एक दुकान आहे, नाव गाळते. काचेत लावलेला सेट बघितलात तर तुम्हीही घ्याल. पांढरं सॅटिन, छातीवर सोनेरी दोऱ्याचं कबुतर, जाळीची टोपी, मऊ बूट, छोटा टॉवेल आणि खोक्यात बसणारी नक्षीची मेणबत्ती. अठराशे पन्नास सांगितले, सोळाशेवर आणले. दुकानदार बोलायला गोड, खोकं सुंदर. घरी आणून बाळाला घालून बघितलं तेव्हा एकेक कळायला लागलं. चेन पाठीला. गळा एवढा बेताचा की डोकं जाताना बाळ लाल झालं. पुढून छाती उघडायची तर सगळा सदरा वर गोळा करायला लागायचा, आणि आत अस्तराला नायलॉनची जाळी, एप्रिलच्या घामात ती मानेला घासत होती. कबुतराचे डोळे म्हणजे डिंकाने चिकटवलेले दोन मणी. एक मणी त्याच संध्याकाळी बाळाच्या मुठीत सापडला. सहा महिन्यांच्या पोराच्या मुठीतली वस्तू पुढे कुठे जाते हे सांगायला नको. दुकानात परत नेलं तर "ट्रायल झालेला माल परत नाही". पुढून उघडणारा काही आहे का विचारलं, तर म्हणाले, मॅडम, फोटोत पाठ दिसत नाही ना, म्हणून चेन मागे. खरं आहे त्यांचं. ते कपडा फोटोसाठी विकतात, तेलासाठी नाही.

मग नणंदेने गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी मलमलचा झबला शिवून दिला: पुढे तीन नाड्या, बाह्या सैल, गळ्याला पांढऱ्याच दोऱ्याने बारीक टाचा. शिवणकामाचे दोनशे, कापड मी दादरहून आणलेलं. सॅटिनचा सदरा आम्ही हॉलवर केक कापताना दहा मिनिटं घातला, फोटो काढले आणि काढून टाकला. सेटमधला टॉवेल मात्र उत्तम निघाला, अजून वापरात आहे. दुकानाला दोन, शिवणबाईंना पाच. एक गोष्ट लक्षात ठेवा: पांढरं वस्त्र पाण्यानंतर द्यायचं असतं, त्यामुळे बाळाला झबला घालून न्या आणि वरून पांघरायला एक पांढरी शाल वेगळी ठेवा. आमच्यासोबत असलेल्या बऱ्याच बाळांना आधीपासूनच पांढऱ्यात गुंडाळलं होतं, तेव्हा फादर नुसता हात लावून पुढे गेले.

खोक्यातली मेणबत्ती ही मला सरळ धोकादायक वाटते. वातीच्या खाली दोन बोटांवर कापडी फुलं आणि रिबनचा बो. ही मेणबत्ती पास्काच्या (म्हणजे ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवायची असते, बाळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, आणि ती बापाच्या नाहीतर धर्मपित्याच्या हातात असते, ज्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे. नर्सबाईंनी वर्गातच सांगितलं होतं की साधी लांब पांढरी मेणबत्ती आणा आणि पुठ्ठ्याची चकती कापून मध्ये घाला, म्हणजे मेण हातावर येत नाही. आम्ही तसंच केलं. वीस रुपयांत काम. शेजारच्या कुटुंबाची सजवलेली मेणबत्ती पेटवल्यावर फुलं काळी पडायला लागली, दादाने फुंकर मारून विझवली आणि आपल्या मेणबत्तीवरून परत पेटवून दिली, रिबन उपटून. मेणबत्त्यांच्या वेळी पंखे बंद करतात हेही ध्यानात असू द्या. एप्रिलमध्ये ती पाच मिनिटं फार लांबतात, एक हातपंखा पिशवीत टाका.

फोटोग्राफरबद्दल थोडक्यात. पॅरिशचा नियम एका कुटुंबामागे एक, वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, बाळाच्या तोंडावर फ्लॅश नाही. आमच्या फोटोग्राफरने नियम पाळले आणि आवाजही छान आला. "मी तुला" स्वच्छ ऐकू येतं, मी दोनदा तपासलं. त्याने नंतर अल्बमचे पर्याय दाखवले ते मात्र लग्नाच्या तोडीचे होते. पेनड्राइव्ह घ्या, अल्बम राहू द्या. हॉल आणि केटररबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जेवण गरम होतं, चिकन कमी पडलं नाही, डीजेचा आवाज जास्त होता. पाहुण्यांना परत भेट म्हणून सासऱ्यांच्या ओळखीतून आणलेली सुकेळी दिली. आगाशीकडची राजेळी केळी, उन्हात वाळवलेली, पानात बांधलेली. चांदीच्या मुलाम्याचे क्रूस वाटण्यापेक्षा हे फार बरं, आणि लोकांनी परत मागितली.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सात बाळं होती, सगळ्यांचा एकत्र विधी. काहींना हे आवडत नाही, आपल्या बाळाचा वेगळा हवा असतो. मला एकत्र बरं वाटलं, कारण सात घरांचे आवाज मिळून उत्तरं देतात तेव्हा चर्च दणाणतं, आणि एकाचं बाळ रडलं की बाकीच्यांना लाज वाटत नाही. वर्गात बाहुली फिरलेल्या सगळ्या बायका कोपरात मान नीट धरून उभ्या होत्या. तो हिंदू बाप श्रद्धेच्या प्रश्नांच्या वेळी गप्प उभा राहिला, हात बायकोच्या खांद्यावर, आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. आमचं बाळ पाण्याला रडलं नाही. क्रिस्म्याच्या वेळी फादरांची दाढी ओढायला गेलं. टाळूला त्या तेलाचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. ऑलिव्हचं तेल आणि बाल्सम, दर वर्षी पवित्र आठवड्यात बिशप ते आशीर्वादित करतात. सासूबाईंनी त्या दिवशी आंघोळ घालू दिली नाही, त्याला कुठलाही नियम नाही, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.

दाखला आठवड्याभराने ऑफिसातून मिळतो, सकाळच्याच वेळेत. घेतल्यावर तिथेच उभं राहून वाचा: बाळाचं नाव, आईबापांची नावं, धर्मपिता-धर्ममाता, तारीख. लॅमिनेशन करू नका. मुलगा मोठा झाला की त्याचं दृढीकरण आणि लग्न यांची नोंद याच पॅरिशच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावासमोर होते, आणि लग्नाच्या वेळी ताजा उताराच मागतात, जुना चालत नाही. म्हणून कागदापेक्षा पॅरिशचं नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. मी मोबाइलमध्ये ठेवली आहे, आणि नवऱ्याने खर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर, सॅटिनच्या सोळाशेच्या बरोबर वर.